पेडल घट्ट, तरी गाडी थांबेना

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये किलोमीटरहून थोडा लांब सरळ पट्टा आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. ट्रॅक डेला मात्र हौशी मंडळी पैसे भरून, हेल्मेट चढवून आपली रोजच्या वापरातली गाडी तिथे पळवतात. या पट्ट्याच्या शेवटी एक तक्रार हमखास जन्माला येते: पहिले दोन लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) ब्रेक झकास लागत होते, तिसऱ्याला पेडल दाबलं तर गाडी निघालीच पुढे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, परतल्यावर शेजारचे चार जण चार सल्ले देतात. त्यातले तीन सल्ले मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) आणि मोठे कॅलिपर (त्या चकतीवर घर्षणाचे पॅड दाबणारे चिमटे) बसवण्याचे असतात.

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. कॅलिपर फक्त चाकाचं फिरणं अडवतो, रस्ता धरून ठेवण्याचं काम टायरच्या रबराचं. म्हणून पहिली चाचणी ब्रेक थंड असताना, मोकळ्या आणि सुरक्षित जागेत करायची. जोरात पेडल दाबल्यावर पायाखाली एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, धडधड जाणवते का? जाणवत असेल, तर टायरला झेपेल त्याहून जास्त ताकद ब्रेकमध्ये आधीच आहे. डिस्क दुप्पट केली तरी ती गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. आणि तरीही तिसऱ्या लॅपला ब्रेक कमी पडत असतील, तर गुन्हेगार उष्णता आहे.

किती उष्णता, याचा ढोबळ हिशेब करून बघण्यासारखा आहे. चालकासह १२०० किलोची हॅचबॅक ताशी १६० किलोमीटरवरून ७० वर आणायची, तर साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. त्यातली थोडी हवेचा रोध खातो, बाकी जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत उरकायचं, म्हणजे ब्रेक त्या वेळात साधारण साडेतीनशे किलोवॅटचं काम करत असतात. त्याच गाडीचं इंजिन पंच्याहत्तर-ऐंशी किलोवॅटचं! ब्रेक दाबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे सत्तर टक्क्यांहून जास्त भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. पाच किलो बिडाची डिस्क धरली, तर एका दणक्यात तिचं तापमान दीडशे अंशांनी चढतं. थंड व्हायला पुरेसा वेळ मिळायच्या आत पुढचं वळण येतं.

आपल्याकडे ब्रेकची खरी परीक्षा घाटात होते असं आपण मानतो, म्हणून तुलनाही घाटाशीच करतो. लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीला उतरताना हीच गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. त्यातून सुटणारी ऊर्जा साठ-पासष्ट लाख ज्यूल. बुद्ध सर्किटवरची मोठी-लहान सगळी वळणं धरली, तर दोन-तीन लॅपमध्ये तेवढीच ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. फरक असा, की घाटात त्यातला मोठा वाटा खालच्या गिअरमधलं इंजिन आणि हवा उचलते, आणि वेळही बराच मिळतो.

डिस्क ब्रेक शर्यतीत आले तेही याच कारणाने. ड्रम, म्हणजे आतून लायनर (घर्षणाची पट्टी) दाबून अडवायचा फिरता डबा, तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. एका थांब्यापुरता तो उत्तम, पण तासन्‌तास नाही. १९५३ साली ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरली. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी त्यांना ड्रमवाल्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येत होता, आणि तोही लॅपमागून लॅप. शर्यत त्यांनीच जिंकली.

आता निदान. ब्रेक कमी लागले त्या क्षणी पेडल घट्ट होतं की नरम, हा एकच प्रश्न चालकाला विचारायचा. बाकीचे प्रश्न त्याच्या उत्तरावर ठरतात.

पेडल घट्ट आहे, वर आहे, पाय रेटून दाबतोय, पण गाडी हळू होत नाही: बहुतेक वेळा पॅड तापलेले असतात. रस्त्यावरच्या गाडीचे पॅड राळेसारख्या पदार्थाने बांधलेले असतात. ते थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला पकडावेत आणि आवाज करू नयेत, अशी त्यांची घडण असते. तीन-चारशे अंशांच्या पुढे त्यातल्या बऱ्याच पॅडची पकड ओसरू लागते. राळ जळून वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मधे त्याचा थर येतो. जळका, तिखट वास येतो तो याचाच. कोरे पॅड लावून थेट ट्रॅकवर आलेल्यांना हा अनुभव लवकर येतो, म्हणून आधी ठरावीक पद्धतीने तापवून-निववून पॅड बसवून घ्यायचे असतात. गाडी थंड झाल्यावर पॅड काढून पाहावेत. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, तर गाडी निवल्यावरही ब्रेक पूर्वीसारखे लागणार नाहीत.

घट्ट पेडलचं दुसरं कारण बूस्टर. इंजिनच्या निर्वात ओढीवर चालणारा हा डबा पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो. त्याची नळी चिरली किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह गळका झाला, तर पेडल दगडासारखं होतं. पण हा दोष तिसऱ्या लॅपची वाट पाहत नाही, थंड गाडीतही सापडतो. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक.

पेडल नरम असेल, लांब जात असेल, तर पॅडला तूर्त सोडून द्या आणि ब्रेक ऑइलकडे वळा. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर नळीतून चाकापर्यंत पोचतो. पण हे ऑइल ग्लायकोल जातीचं असतं आणि हवेतलं पाणी शोषतं. कोरं डॉट ४ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत) निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. कोकणातल्या दमट हवेत दोन-तीन वर्षं न बदललेल्या ऑइलची अवस्था काय असेल, याचा अंदाज यावरून बांधावा. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पायाचा सगळा प्रवास ती दाबण्यातच संपतो. भराभर दोन-तीनदा पेडल मारलं तर थोडा दाब परत मिळतो. जीव वाचवायला तेवढा पुरतो, लॅप पुढे चालवायला नाही.

यातली फसवी गोष्ट अशी, की ऑइल बऱ्याचदा गाडी धावताना उकळत नाही, उभी राहिल्यावर उकळतं. धावताना वारा डिस्क थंड ठेवतो. पिटमध्ये चाक थांबलं की वारा बंद होतो, पण चारशे अंशांची डिस्क शेजारच्या पॅडला आणि पॅड कॅलिपरच्या पिस्टनला (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याला) उष्णता देत राहतो. चालक पाणी पिऊन येतो, बाहेर पडतो आणि पहिल्याच वळणाला पेडल फळीला टेकतं. म्हणून शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावता, किंवा लावलाच तर अगदी हलका लावून, रमतगमत पुरा करायचा. तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही. चाकाखाली ठोकळा ठेवायचा. वाफ विरली की पेडल बरंचसं सुधारतं आणि लोक म्हणतात, झालं बरं. ते ऑइल बदलून, नळ्यांतली हवा काढूनच पुढे जावं.

नरम पेडलची आणखी दोन कारणं वेगळी ओळखता येतात. पेडल स्थिर दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या भागाच्या) आतलं सील गेलंय. आणि लांब पेडल फक्त कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) उडाल्यावर किंवा वेगवान वळणानंतर, एकदाच मिळत असेल, दुसऱ्या दाबाला नेहमीचं होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, शोधा. सैल बेअरिंगवर डिस्क लटपटते आणि पिस्टनला आत ढकलते. हे थंड गाडीतही घडतं, त्यामुळे ऑइल कितीही महागडं भरलं तरी फरक पडत नाही.

पायाची साक्ष झाली की वस्तूंची. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलाय? मग एकपिस्टनी कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत. अशी गाडी ब्रेकला एका बाजूला ओढतेही. पिना साफ करून योग्य ग्रीस लावायला फार खर्च येत नाही, पण या कामात दुकानदाराला नफा नसल्याने ते फारसं कुणी सुचवत नाही. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात. ट्रॅकवर मात्र त्या भोकांपासून तडे धावतात. साध्या डिस्क घ्या.

तापमान खरोखर किती झालं होतं हे कळायला डिस्कच्या कडेवर लावायचा रंग मिळतो. त्यातले नेहमीचे तीन पट्टे ४३०, ५६० आणि ६१० अंशांना बदलतात आणि गाडी थंड झाल्यावरही तसेच राहतात. पिटमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून मिळालेला आकडा त्यापुढे कुचकामी, कारण तोवर डिस्क बरीच निवलेली असते आणि चकाकत्या लोखंडावर हे यंत्र कमी तापमान दाखवतं. ४३० चा पट्टा शाबूत असेल, तर जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि ताजं ऑइल पुरे. ६१० चाही बदलला असेल, तर बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत थंड हवेची नळी काढावी, आणि ती काढूनही तो बदलत राहिला तरच जड डिस्कचा भाव विचारावा.