तीन हजार लहरी मोजणारी चिप

रावेर तालुक्यात मे महिन्यात केळीला एक पाळी पाणी चुकलं की दुसऱ्या दिवशी दुपारी पानंच सांगतात. त्यामुळे शेतीची लाइट रात्री एकला आली तरी मोटर तेव्हाच चालू व्हायला हवी. रोज रात्री शेतावर कोण जाणार? म्हणून आमच्याकडे बहुतेक विहिरींवर स्टार्टरच्या डब्यात ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइट आली की ऑटो स्टार्टर ओढतो आणि मोटर पाणी फेकायला लागते.

घोटाळा इथेच होतो. थ्री फेजची मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एका डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-सोळा मोटरी असतात आणि सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी जागे होतात. व्होल्टेज बसतं, मोटरी नुसत्या घुमतात, डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो, नाहीतर डीपीच जळते. नवी डीपी येईपर्यंतचे दिवस कसे जातात ते ज्याची बाग आहे त्यालाच विचारावं. यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे: प्रत्येकाने नंबर लावायचा. लाइट आल्यावर पहिल्याने पाच सेकंद थांबायचं, दुसऱ्याने दहा, तिसऱ्याने पंधरा. आमच्या डीपीवर माझा नंबर बारावा, म्हणजे माझ्या मोटरने बरोबर एक मिनिट थांबायचं.

‘बरोबर एक मिनिट’ हे बोलायला सोपं आहे. माझ्या पहिल्या ऑटोत ५५५ नावाचा आयसी, म्हणजे एक छोटी चिप, होता. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा हा पहिला सोबती. हान्स कॅमेन्झिंड यांनी तो १९७१ मध्ये आखला, आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिळतो. त्याचं घड्याळ म्हणजे हळूहळू भरणारा कपॅसिटर, वीज साठवणारी छोटी टाकीच; ती किती हळू भरायची ते रेझिस्टर ठरवतो. रेझिस्टर १.२ मेगाओहम, कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, दोघांच्या गुणाकाराला १.१ ने गुणलं की साधारण ६२ सेकंद येतात. कागदावर. प्रत्यक्षात असा कपॅसिटर लिहिलेल्या किमतीपेक्षा २० टक्के इकडेतिकडे असला तरी तो चांगलाच मानतात. त्यातून आमच्या उन्हात पत्र्याचा डबा तापतो आणि कपॅसिटरच्या आतलं द्रव वर्षागणिक सुकत जातं. दुसऱ्या उन्हाळ्यात माझं मिनिट पंचेचाळीस सेकंदांवर आलं. शेजारच्या नानांचा नंबर नववा, म्हणजे पंचेचाळिसावा सेकंद त्यांचाच. “तुझा बारावा ना रे भाऊ? मग माझ्यावर कसा येऊन पडतो?” असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर तारेतच होतं. आपल्याकडे विजेची लहर सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळ्या देशाचं वीजजाळं एकाच तालावर चालतं. म्हणजे माझ्या डब्यात येणारी लहर आणि नानांच्या डब्यात येणारी लहर एकच. दोघांनी त्या लहरी मोजल्या तर मधे एकही तार न ओढता दोघांची घड्याळं आपोआप जुळलेली राहतात. कपॅसिटरवर काही सोपवायची गरजच उरत नाही. एक मिनिट म्हणजे ३००० लहरी. मोजायच्या आणि स्टार्टर ओढायचा. मला हे सुचलं त्या रात्री झोप लागली नाही.

मोजायचं कसं, ते जरा जवळून पाहू. फ्लिप-फ्लॉप नावाचं एक छोटं सर्किट असतं, ते ० किंवा १ एवढंच लक्षात ठेवतं. असे बारा ओळीने लावले की ० पासून ४०९५ पर्यंत मोजता येतं. प्रत्येकाची किंमत आधीच्याच्या दुप्पट: १, २, ४, ८ असं करत बारावा २०४८. आता ३००० म्हणजे २०४८ + ५१२ + २५६ + १२८ + ३२ + १६ + ८. बारापैकी या सात तारांवरच लक्ष ठेवायचं. शून्यापासून मोजत गेलं तर या सातही तारांवर एकाच वेळी १ येण्याची पहिली वेळ म्हणजे नेमका ३००० हा आकडा, त्याच्या आधी कधीच नाही. सात तारा एका ‘आणि’च्या गेटमध्ये (सगळ्या तारांवर १ असेल तरच १ देणारं छोटं सर्किट) घातल्या, पुढे रिले, म्हणजे त्या इशाऱ्यावर स्टार्टर ओढणारा स्विच, की झाला ऑटो.

खरं तर झाला नाही. पहिल्या रात्री माझं मिनिट चाळीस सेकंदांत संपलं. आधीच्या नंबरांच्या मोटरी सुरू होताना तारेवर जे झटके येतात, तेही माझं सर्किट लहर समजून मोजत होतं. मग दुसरं, वेगाने चालणारं घड्याळ घेतलं आणि नियम घातला की सिग्नल सलग काही वेळ स्थिर राहिला तरच ती लहर धरायची. त्यानंतर गणित बसलं.

हे सगळं मी एफपीजीएवर केलं. एफपीजीए म्हणजे हजारो कोऱ्या गेटांची चिप. कुठलं गेट कुठे जोडायचं ते आपण ठरवतो, पुसतो, पुन्हा जोडतो. २०१५ साली आइसस्टॉर्म प्रकल्पाने एका साध्या एफपीजीएची आतली रचना उलगडून दाखवली आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय, पूर्ण मोफत साधनांनी ती चिप वापरणं शक्य झालं. पण आपली स्वतःची चिप, सिलिकॉनमध्ये कायमची कोरलेली? ते दार बरीच वर्षं बंद होतं.

आणि बंद होतं ते यंत्रांमुळेच नव्हे. चिप आखायला कारखान्याची नियमावली लागते, तिला पीडीके म्हणतात. तार किती बारीक चालेल, दोन तारांत किती अंतर हवं, ट्रान्झिस्टर किती व्होल्टेजला कसा वागेल, ते सगळं तिच्यात असतं. गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय ती पाहायलाही मिळत नसे, आणि एकट्या माणसाशी असा करार कोण करणार? २०२० मध्ये गुगल आणि अमेरिकेतल्या स्कायवॉटर कारखान्याने मिळून १३० नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) नियमावली जगाला खुली केली. पुढे ग्लोबलफाउंड्रीजची १८० नॅनोमीटरची आणि जर्मनीतल्या आयएचपी संस्थेची १३० नॅनोमीटरचीही आली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा क्षण हाच. साधनं बरीचशी होतीच: सर्किटचं वर्णन गेटांमध्ये बदलणारं योसिस, ती गेटं जागेवर बसवून तारा ओढणारं ओपनरोड, आणि नकाशा तपासणारं मॅजिक, ज्याची सुरुवात १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात झाली. जमिनीचा नकाशा तेवढा मिळत नव्हता.

१३० नॅनोमीटर हे तंत्र आता जुनं आहे. मोबाइलमधल्या चिपा त्याच्या कितीतरी पुढे गेल्या. तरी डोक्याच्या एका केसाच्या जाडीत १३० नॅनोमीटरच्या सहाशेएक रेघा शेजारी-शेजारी बसतील, आणि विहिरीवरच्या ऑटोला ते पुरून उरतं.

राहिला खर्च. सिलिकॉनची थाळी छापायला लागणारे साचे एकट्याला परवडणं अशक्य. इथे मला सावद्याची आठवण होते. सावदा स्टेशनवरून दिल्लीकडे केळी जाते, पण एका शेतकऱ्याच्या केळीने गाडी भरत नाही. दहा जणांचा माल एकत्र चढतो आणि भाडं वाटून घेतात. चिपांमध्ये ही युक्ती १९७९ मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची डिझाइनं त्यांनी अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, मागवली, एकाच थाळीवर मांडून छापून घेतली आणि ज्याची त्याला परत पाठवली. २०२२ मध्ये मॅट वेन यांनी सुरू केलेला टायनी टेपआउट हा त्याच वाटेचा, पण अगदी शाळकरी मुलालाही पेलेल असा प्रकल्प. त्यात एका जणाच्या वाट्याला साधारण १६० बाय १०० मायक्रॉनची फरशी येते, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढी लांब आणि एका केसाहून जरा रुंद. एवढ्यात हजारभर गेटं मावतात. आणि मला सगळ्यात भावणारी गोष्ट अशी की शेकडो लोकांची डिझाइनं एकाच चिपवर असतात आणि तीच चिप सगळ्यांना मिळते. कुणाची मोजणी, कुणाचं संगीत, कुणाचा छोटा प्रोसेसर; हवं ते निवडून चालवायचं. माझा ऑटो अनोळखी माणसांच्या टेबलावर पोचणार आणि त्यांची कामं माझ्या.

वाट सरळ नाही. ही छपाई जमवून आणणारी इफॅबलेस ही कंपनी २०२५ मध्ये बंद पडली आणि वाटेत असलेल्या चिपा अडकल्या. टायनी टेपआउटने आयएचपीची साथ घेऊन काम चालू ठेवलं. डिझाइन पाठवल्यापासून चिप हातात यायला महिनोन् महिने लागतात, आणि एक तार चुकली तर चूक दगडावर कोरल्यासारखी राहते. नुसता ऑटो हवा असेल तर स्वस्तातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायची तयार चिप, तेच काम करेल, हेही सांगायला हवं. पण ज्या वस्तूवर आपलं सगळं चाललंय ती आतून कशी असते, हे आखल्याशिवाय कळत नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर मोहालीच्या आपल्याच कारखान्यात १८० नॅनोमीटरवर छापला गेला. त्या कारखान्याची नियमावलीही जळगाव-धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधल्या पोराला घरबसल्या उतरवून घेता यावी, असं मला फार वाटतं.

माझ्या फरशीचा नकाशा आता तयार आहे. मोजणी मी दोन भागांत केली: २५० लहरींचा, म्हणजे पाच सेकंदांचा एक गट, आणि किती गट झाले ते मोजणारा दुसरा भाग. आठ फ्लिप-फ्लॉप पहिल्याला, चार दुसऱ्याला, मिळून पुन्हा बाराच. अशाने बारावाच नव्हे, तर पंधराव्यापर्यंतचा कुठलाही नंबर लावता येतो. परवा नाना घरी आले तेव्हा लॅपटॉपवर नकाशा उघडा होता, रंगीत पट्ट्यांची दाटी. चष्मा नीट करत ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “यात माझा नंबर कुठे?” मी नकाशा मोठा केला आणि वरच्या कडेने आत उतरणाऱ्या चार तारा त्यांना दाखवल्या.