मुरल्यावर बळ धरणारे टायटॅनियम

लोहार तापलेल्या कोयत्याला पाणी देतो, तेव्हा त्याचे पोलाद तत्काळ कडक होते. बीटा प्रकारच्या टायटॅनियम मिश्रधातूंचे तसे नाही. भट्टीतून काढून पाण्यात बुडवलेला तुकडा तुलनेने मऊच राहतो आणि त्याला खरे बळ येते ते नंतर, मध्यम तापमानावर काही तास मुरू दिल्यावर. या मुरवण्याला धातुशास्त्रात एजिंग म्हणतात.

शुद्ध टायटॅनियमच्या अणूंची मांडणी ८८२ अंश सेल्सिअसच्या खाली षट्कोनी असते, तिला अल्फा म्हणतात. त्या तापमानाच्या वर ती घनाकृती होते, ती बीटा. व्हॅनेडियम किंवा मॉलिब्डेनम पुरेसे मिसळले, तर झटकन थंड केल्यावरही बीटा टिकून राहते, पण ती स्थिर नसते. बोइंग ७७७ च्या लँडिंग गिअरसाठी वापरलेल्या मिश्रधातूत १० टक्के व्हॅनेडियम, २ टक्के लोह आणि ३ टक्के ॲल्युमिनियम असते. तो ८०० अंशांच्या थोडा खाली तापवून पाण्यात थंड करतात आणि पुढे साधारण ५०० अंशांवर मुरवतात. या काळात बीटाच्या पोटातून अल्फाच्या अतिशय बारीक पट्ट्या बाहेर पडतात. त्या जितक्या बारीक आणि दाट, तितका स्फटिकातील दोषांच्या सरकण्याला (धातू वाकतो तो या सरकण्यामुळेच) अडथळा अधिक, म्हणून धातू अधिक मजबूत.

असा नमुना चकचकीत घासून, हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्लाच्या विरल मिश्रणाने खोदून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर बीटाचे कण, म्हणजे धातू ज्या लहान स्फटिकांचा बनलेला असतो ते, नुसते काळपट दिसतात. आतल्या पट्ट्या पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. कणांच्या सीमेवर मात्र कधी कधी अल्फाची सलग, फिकट रेघ उमटलेली असते. ही रेघ घातक असते, कारण तडा तिच्या कडेकडेने सहज पुढे सरकतो.

अल्फाला सीमेवर सुरुवात करणे सोपे जाते, कणाच्या मध्यभागी अवघड. इथे ओमेगा ही तिसरी प्रावस्था, म्हणजे अल्फा-बीटासारखीच अणूंची आणखी एक मांडणी, कामी येते आणि या साऱ्या विषयात मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. बीटामधील अणूंच्या एकावर एक रचलेल्या तीन थरांपैकी एक जागीच राहतो, उरलेले दोन एकमेकांकडे सरकून मिटतात आणि काही नॅनोमीटरचा ओमेगा कण तयार होतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम व झिर्कोनियममधील या रूपांतराचा दीर्घ अभ्यास केला. ओमेगा जास्त झाली की धातू ठिसूळ होतो, म्हणून ती बराच काळ केवळ टाळण्याची गोष्ट मानली गेली. परंतु तापमान सावकाश चढवले, तर वाटेत ओमेगाचे असंख्य कण बीटाच्या प्रत्येक स्फटिकात सगळीकडे पसरतात, त्यांच्या आधाराने अल्फा सर्वत्र एकाच वेळी उगवते आणि ओमेगा पुढे विरून जाते. तोच तुकडा एकदम तापत्या भट्टीत टाकला, तर हा टप्पा हुकतो आणि पट्ट्या जाड व विरळ होतात. त्यामुळे किती तापमानावर आणि किती तास मुरवायचे एवढे ठरवून भागत नाही; त्या तापमानापर्यंत किती वेगाने चढायचे, हेही ठरवावे लागते. जाड घडीव भागात तर गाभा पृष्ठभागापेक्षा उशिरा तापतो आणि एकाच तुकड्यात दोन ठिकाणच्या पट्ट्या वेगळ्या निघू शकतात.