नारायणराव पेशवे यांच्या खुनाची चौकशी : साक्षीपुराव्याचा प्रश्न

पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी (पगारी पहारेकरी शिपायांनी) नारायणराव पेशवे यांचा खून केला आणि त्याची चौकशी मूळचे साताऱ्याजवळच्या माहुली गावचे, पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी केली. या प्रकरणातील खरी अडचण साक्षीदारांची आहे. धन्याला वाचवू पाहणारा चाफाजी टिळेकर जागीच मारला गेला. मारेकरी आणि नारायणरावांचे काका रघुनाथराव यांच्या पदरची माणसे यांचे सांगणे त्यांच्या हितसंबंधांमुळे जपूनच घ्यावे लागते. गारद्यांतील गडबडीची कुणकुण त्याच सकाळी लागून नारायणरावांनी आपले सरदार हरिपंत फडके यांना बंदोबस्तास सांगितले होते, पण तो झाला नाही. मात्र अशा हलगर्जीवरून संशय घेता येतो, कटातला सहभाग सिद्ध होत नाही.

रघुनाथरावांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम दिल्याचे मान्य केले, मारण्याचा मात्र नाकारला. यातील कबुली त्यांच्याच विरुद्ध जाणारी असल्याने वजनदार ठरते; नकाराला तसे वजन देता येत नाही. हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले, ही हकीकत घरोघरी ठाऊक आहे. पुढे साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती आली आहे. परंतु फेरफार कोणी केला याविषयी त्याने सर्वसाधारण समजूतच नोंदवली आहे. मूळ कागद आज हाती नसल्याने हस्ताक्षर वा खाडाखोड तपासता येत नाही. एका स्त्रीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला हा ठपका ऐकीव माहितीवर उभा आहे, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

रामशास्त्र्यांच्या निष्कर्षाचे मोल वेगळे आहे. घटना ताजी असताना आणि सत्ता रघुनाथरावांच्याच हाती असताना त्यांनी त्यांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडून ते वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. त्यात त्यांना लाभ काहीच नव्हता. याउलट, हल्ल्याच्या वेळी नारायणरावांना ओढणारा तुळाजी पवार अनेक वर्षांनी हैदर अलीकडून पुणे दरबारच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्याची जबानी घेणारे कारभारी रघुनाथरावांचे विरोधक होते आणि तो स्वतः त्यांच्या कैदेत होता. म्हणून त्या जबानीतला जेवढा भाग शास्त्र्यांच्या आधीच्या निष्कर्षाशी जुळतो, तेवढाच ग्राह्य धरणे योग्य.