महिला आइस हॉकी आणि टायटल नाइन: तक्रार नेमकी कुठे अडते

अमेरिकन कॉलेजात नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरची. मैदानावरच्या आपल्या हॉकीला तिकडे फील्ड हॉकी म्हणतात. त्यामुळे तक्रारीच्या अर्जात 'महिला आइस हॉकी' असं पूर्ण लिहा.

टायटल नाइन हा अमेरिकेचा 1972 चा कायदा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालत नाही, खासगी कॉलेजातसुद्धा. तक्रार शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे, म्हणजे ओसीआरकडे करायची. फी नाही, वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन आहे. खेळाडू, पालक, कोच, कोणीही तक्रार करू शकतं. नागरिकत्वाची अट नाही.

अडतं ते मुदतीत. भेदभाव घडल्यापासून 180 दिवसांत तक्रार करायची असते. 180 दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. मार्चमध्ये संघ बंद झाल्याचं जाहीर होतं, मग 'परीक्षा होऊ दे, डीनशी बोलू' करता करता सप्टेंबर सरतो आणि अर्ज बाद. कॉलेजकडे अंतर्गत तक्रार केली की मोजणी थांबते, हा तर पक्का गैरसमज. थांबत नाही. अंतर्गत तक्रार 180 दिवसांच्या आत केलेली असेल, तर तिचा निकाल लागल्यापासून 60 दिवसांत ओसीआरकडे मुदतीतून सवलत मागता येते. ती स्वतः मागावी लागते, बरं का.

दुसरी गोष्ट, 'आमचा संघ बंद केला' एवढ्यावर भागत नाही. टायटल नाइनच्या 1979 च्या धोरणात तीन कसोट्या आहेत. खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण पटावरच्या प्रमाणाच्या जवळ आहे का? नसेल तर कॉलेज मुलींचे खेळ सातत्याने वाढवत आलंय का? तेही नसेल तर मुलींची आवड आणि कुवत यांना पुरेल अशी सोय आहे का? कॉलेजला यातली एकच उतरली तरी पुरते, म्हणून तुम्ही तिन्हींवर लिहा. आकड्यांसाठी ईएडीए अहवाल मागा, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या मुलामुलींच्या सहभागाचा आणि खर्चाचा अहवाल. तो दरवर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत तयार ठेवणं कॉलेजला बंधनकारक आहे. काउंटरवर 'असं काही नसतं' म्हणाले तरी हलू नका.

खरी पंचाईत आवडीच्या पुराव्याची. तो कोणीच जपून ठेवत नाही. क्लब संघाची नावं, सरावाच्या वेळा, सामने, आणि व्हार्सिटी म्हणजे कॉलेजच्या अधिकृत संघाच्या दर्जासाठी केलेला प्रत्येक अर्ज नकारपत्रासह ठेवा. कोलगेट विद्यापीठाच्या मुलींनी 1979 ते 1988 दरम्यान चार वेळा दर्जा मागितला होता. 1992 मध्ये कोर्टात जिंकल्याही, पण अपिलात 1993 साली निकाल रद्द झाला, कारण आदेशाप्रमाणे संघ सुरू होईपर्यंत त्या खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडणार होत्या. म्हणून तक्रारीत धाकट्या वर्षातल्या मुलींनाही घ्या.

आइस हॉकी टायटल नाइनच्या नियमांत कॉन्टॅक्ट स्पोर्ट, म्हणजे अंगाला अंग भिडणारा खेळ, म्हणून नावानिशी आहे. पुरुषांचा संघ असेल, मुलींना आजवर संधी कमी मिळालेली असेल, पुरेशा खेळाडू असतील आणि सामने मिळण्याजोगे असतील, तर वेगळा संघ द्यावा, असं तेच 1979 चं धोरण सांगतं. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने 2017 मध्ये महिला संघ बंद केला. खेळाडूंचा दावा खालच्या कोर्टाने फेटाळला होता, तो 2021 मध्ये अपील कोर्टाने याच कलमावर पुन्हा उभा केला. मात्र कोर्टात गेलात की ओसीआर तीच तक्रार बंद करतं. दोन्ही दारं एकदम ठोठावू नका.

आणि ओसीआर मागतं ते संमतीपत्र. नाव उघड करायची सही वेळेत गेली नाही, तर फाइल तिथेच मिटते.