मांद्रे-आश्व्याला सर्फिंग शिकायला येताय? आधी एवढं वाचून घ्या

आमच्याकडची, म्हणजे उत्तर गोव्यातली, लाट लहान असते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण मोबाईलवर हवाईचे व्हिडिओ बघून आलेली मंडळी पहिल्या सकाळी किनाऱ्यावर उभी राहून विचारतात की लाटा कुठायत. ऑक्टोबर ते मार्च बहुतेक दिवस गुडघ्यापासून कमरेपर्यंतची लाट, कधीकधी तर समुद्र तळ्यासारखा सपाट. पण शिकायला हीच लाट पाहिजे. खाली वाळू, पाणी कोमट (२७-२८ अंशांच्या आसपास, वेटसूट वगैरे काही लागत नाही) आणि लाट फुटते तिथं उभं राहता येतं. आश्व्याच्या बाजूला मात्र खडक आहेत, भरतीला ते पाण्याखाली जातात आणि वरून दिसत नाहीत, तिकडे आपण बोर्ड नेतच नाही.

लाट येते कुठून हेही जरा समजून घ्या, म्हणजे लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवरचे आकडे बघून गोंधळ होणार नाही. एक लाट येते खाली दक्षिणेकडून, हिंदी महासागरातल्या वादळांची, हजारो किलोमीटर आणि कित्येक दिवस चालून. तिच्या दोन लाटांमध्ये १४-१५ सेकंद जातात, दिसायला शांत पण ताकद भरपूर, एप्रिल-मेमध्ये ही जास्त. दुसरी डिसेंबर ते मार्चमध्ये वायव्येकडून येते, ओमान-इराणच्या बाजूला शमाल नावाचा वारा सुटतो त्याची. ही आखूड, सात-आठ सेकंदांत पुढची हजर, त्यामुळे बोर्ड घेऊन आत जाताना दम निघतो. म्हणून ॲपवर नुसती उंची बघू नका, शेजारचा सेकंदांचा आकडा बघा. दोन फूट आठ सेकंद आणि दोन फूट पंधरा सेकंद हे दोन वेगळे समुद्र आहेत.

हजेरी सकाळी साडेसहाला. सुट्टीवर आलोय आणि एवढ्या पहाटे कशाला, असं बरेचजण म्हणतात, पण त्याला कारण आहे. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो लाटेला समोरून हलकेच थोपवतो, मग लाट सरळ उभी राहते, पाणी काचेसारखं गुळगुळीत दिसतं. अकरा वाजून गेले की खारा वारा सुटतो आणि तेच पाणी विस्कटून जातं, लाट कुठली आणि नुसती खळबळ कुठली तेच नवीन माणसाला कळत नाही. दुपारच्या बॅचेस आम्ही म्हणूनच घेत नाही, पैसे जास्त देतो म्हणालात तरी नाही.

वेळ मात्र भरतीवर थोडी पुढंमागं होते. इथली जुनी माणसं भरती बोटावर काढतात, तिथीची पाऊणपट करायची की झाली भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण आयत्या वेळी कामाला येतं. उधाणाला इथं पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईत याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे गिरगाव-जुहूचा अंदाज इकडे लावू नका. पूर्ण भरतीला लाट थेट किनाऱ्याच्या उतारावर आपटते, ती शिकायला वाईट. आपल्याला हवं असतं भरती-ओहोटीच्या मधलं पाणी. एकादशी-द्वादशीच्या आसपासचं बुकिंग असेल तर आदल्या संध्याकाळी आमचा मेसेज येईल की उद्या किती वाजता यायचं.

आल्यावर पहिली वीस मिनिटं पाण्यात जायचं नाही. बसायचं आणि बघायचं. याचा सगळ्यांना कंटाळा येतो, लहान मुलं तर हात ओढत असतात, पण माझ्या मते अख्ख्या कोर्समधली ही सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं आहेत. समुद्राकडे बघितलं की फेसाचे पांढरे पट्टे दिसतील, तिथं खाली वाळू उंच झालेली असते आणि लाट फुटते. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक जागा दिसेल, पाणी जरा काळपट, लाट नाही, एकदम शांत. नवीन माणूस पोहायला बरोब्बर तिथंच उतरतो. तीच ओढीची जागा, किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथून परत आत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडत बसू नका, बोर्ड सोडू नका (बोर्ड तुम्हाला तरंगत ठेवतो), एक हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर वल्हवत बाजूला या, फेस दिसला की लाटच तुम्हाला आणून सोडते. आज दिसलेली जागा पुढच्या महिन्यात तिथंच असेल असंही नाही, वाळू सरकत राहते, पावसाळ्यानंतर तर पूर्ण नकाशाच बदललेला असतो. म्हणून आम्हीही रोज बघतो, इतकी वर्षं झाली तरी.

आता पडण्याबद्दल, कारण पहिल्या दिवशी तेच जास्त होणार आहे. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट पाण्यात फुटते, म्हणजे दोन फुटी लाट फुटते तिथं पाणी अडीच फूट. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, कधीच नाही, मान जाते. अंग पसरून पाठीवर किंवा कुशीवर पडा, आणि वर येताना आधी दोन्ही हात डोक्यावर घ्या कारण बोर्ड कुठं असेल सांगता येत नाही. चालताना बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका, बाजूला धरा, नाहीतर लाट तो उचलून सरळ तोंडावर घालते. आणि लीश, म्हणजे पायाला बांधायची ती दोरी, हाताला गुंडाळायची नाही. मी शिकत असताना बोर्ड ओढून घ्यायला म्हणून दोन बोटांना वेढे घेतले होते, तेवढ्यात मागून लाट आली, बोर्ड गेला आणि बोटांची कातडी त्याच्याबरोबर. करंगळी अजून नीट मिटत नाही.

पहिल्या दिवशी फेसाच्या पाण्यातच शिकवतो, नऊ फुटी फोमचा बोर्ड, एका शिक्षकामागे चारच जण. मागून फेस येऊन बोर्ड ढकलतो तेव्हा लगेच उठू नका, एक क्षण थांबा, पोटाखाली बोर्ड घसरायला लागलेला जाणवतो, मग हात छातीपाशी टेकवून एका दमात उठा, आणि नजर पायाकडे नाही तर किनाऱ्यावरच्या माडाकडे. गेल्या जानेवारीत कोल्हापूरहून एक काकू आल्या होत्या, साठीच्या जवळ, तीन दिवस गुडघ्यावरच येत होत्या, चौथ्या दिवशी खाली बघायचं सोडलं आणि सरळ उभ्या किनाऱ्यापर्यंत आल्या. पाण्यातून बाहेर येऊन त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, तळाशी कधी वागळी (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेली असते, चाहूल लागली की ती निघून जाते. चुकून काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा आणि डॉक्टरकडे, हळद-लिंबू काही लावत बसायचं नाही.

एक गोष्ट विनंती म्हणून नाही, नियम म्हणून. रापण, म्हणजे मच्छीमारांचं किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पाण्यात असेल तर बोर्ड पाण्यात नाही. किनारा आधी त्यांचा आहे, आपल्या दोन तासांच्या मजेपायी त्यांची सकाळ वाया जाता कामा नये. कधी तासभर थांबावं लागतं. तेव्हा दोर ओढायला हात लावा, कुणी नको म्हणत नाही, जाळं वर आलं की बांगडे-तारले वाळूवर उडायला लागतात ते जवळून बघण्यासारखं असतं. तसंच मोरजी आणि मांद्र्याला थंडीत कासवं अंडी घालायला येतात, कुंपण घातलेल्या जागेजवळ जाऊ नका आणि पहाटे येताना किनाऱ्यावर टॉर्च मारू नका.

जून ते सप्टेंबर आम्ही पूर्ण बंद. पावसाळ्यात लाट मोठी असते, मग का नाही, असे फोन येतात. अहो त्या पाण्यात इथले होडीवालेही जात नाहीत. सीझनमध्येसुद्धा जीवरक्षकांनी लाल बावटा लावला किंवा हैदराबादच्या इन्कॉईसकडून (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा आला तर बॅच रद्द, पैसे पूर्ण परत किंवा दुसरा दिवस, तुम्ही म्हणाल तसं.

पोहता येत नसेल तर बुकिंगच्या वेळी सांगा, लपवू नका, तुमची बॅच कमरेच्या पाण्याबाहेर नेणार नाही. रात्री घेतलेली असेल तर सकाळी येऊ नका. पोट रिकामं ठेवा, एखादं केळं चालेल. अंगाला घट्ट बसणारे कपडे, रॅशगार्ड (अंग घासू नये म्हणून घालायचा घट्ट टी-शर्ट) आमच्याकडे मिळेल. अंगठ्या, चेन, मंगळसूत्र खोलीवर ठेवून या. गाडीने येणाऱ्यांनी पुलाच्या अलीकडेच लावा, रेल्वेने येत असाल तर पेडणे किंवा थिवी, विमानाने मोपा जवळ पडतं. नऊच्या सुमारास बाहेर पडलात की भूक सपाटून लागलेली असते, रस्त्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव गरम मिळतो, दहानंतर तो संपतो.