रेल-ट्रेल मॅरेथॉन

रेल्वेमार्ग बंद पडला की रूळ आणि स्लीपर उचलून नेले जातात. मागे उरतो मातीचा भराव, डोंगर कापून केलेल्या खिंडी, पूल आणि बोगदे. या जुन्या गाडीवाटेवर बारीक खडी दाबून किंवा डांबर टाकून चालणाऱ्यांसाठी, धावणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी जो मार्ग तयार करतात त्याला रेल-ट्रेल म्हणतात. त्यावर धावली जाणारी ४२.१९५ किलोमीटरची शर्यत म्हणजे रेल-ट्रेल मॅरेथॉन. अर्धमॅरेथॉन आणि १०० मैलांपर्यंतच्या अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब, शर्यतीही याच वाटांवर होतात. त्यांचा स्वभाव सारखाच असल्याने त्यांचाही विचार येथे केला आहे.

हा स्वभाव इंजिनाने ठरवलेला आहे. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यात घर्षण फार कमी असते. म्हणून एकच इंजिन शेकडो टनांचे ओझे ओढते, आणि म्हणूनच त्याला चढ सोसत नाही. शंभर मीटरला दोन-तीन मीटरचा चढ आला तरी चाके जागच्या जागी फिरण्याची भीती असते. त्यामुळे अभियंत्यांनी टेकडी आली तिथे ती कापली, दरी आली तिथे भराव घातला किंवा पूल बांधला, आणि डोंगर आडवा आला तिथे आरपार बोगदा खणला. वळणेही शेकडो मीटर त्रिज्येची ठेवली. ज्या मुलखात रस्त्याने धावायचे तर दर दोन किलोमीटरला धाप लागली असती, तिथे रेल-ट्रेलवर पाय जवळजवळ सपाटीवर पडतात. डोळ्यांसमोर डोंगर आणि पायाखाली मैदान, असा हा योग दुसऱ्या कुठल्या शर्यतीत क्वचितच जुळून येतो.

मोटारींमुळे रेल्वेचे अनेक छोटे फाटे तोट्यात गेले. ब्रिटनमध्ये तोट्यातले मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो किलोमीटर मार्ग बंद झाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील सुमारे ५२ किलोमीटरचा एलरॉय–स्पार्टा मार्ग १९६० च्या दशकात लोकांसाठी खुला झाला आणि पुढच्या रेल-ट्रेलना तो नमुना ठरला. तेथील कायद्यात १९८३ साली झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. बंद मार्गाची जमीन तुकड्यातुकड्यांनी हातची न जाऊ देता, पुढे रेल्वेला लागलीच तर परत देण्याच्या अटीवर, वाटेसाठी राखून ठेवता येऊ लागली. सलग शंभर-दोनशे किलोमीटरच्या वाटा शिल्लक राहिल्या त्यात या दुरुस्तीचा मोठा वाटा आहे. स्पेनमध्ये ‘व्हिआस व्हेर्देस’ (हिरव्या वाटा) हा रेल-ट्रेलचा कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू झाला, तर न्यूझीलंडचा १५२ किलोमीटरचा ओटागो सेंट्रल मार्ग २००० साली पूर्ण झाला. आयर्लंडमध्ये १९३७ ला बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी वेस्टपोर्ट ते अकिल हा ग्रीनवे, म्हणजे तिथली रेल-ट्रेल, झाला. त्याची मूळ लांबी सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एका मॅरेथॉनइतकीच.

या शर्यतीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की चढ नाही म्हणजे ती सोपी. डोंगरी रस्त्यावर चढाला पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू राबतात, उताराला मांड्यांचे. एक गट काम करतो तेव्हा दुसऱ्याला थोडी उसंत मिळते. रेल-ट्रेलवर ती उसंत नसते. एकाच लांबीचे पाऊल, एकाच कोनातून, चाळीस हजारांच्या आसपास वेळा पडते. त्यात एक टक्क्याचा उतार डोळ्यांना दिसतच नाही. दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती असल्याने क्षितिजाशी तुलना करता येत नाही. आपण सपाटीवर धावतोय असे वाटत असताना घड्याळ ठरवलेल्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद वेगवान किलोमीटर दाखवते, आणि धावणारा ते आपल्या तयारीच्या खात्यावर जमा करतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालतो. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. तिचा हिशेब तिसाव्या किलोमीटरनंतर लागतो. तेव्हा श्वास शाबूत असतो आणि पाय मात्र लाकडासारखे झालेले असतात. उलट दिशेचा मंद चढही तितकाच फसवा. वेग का पडतोय हे कळत नाही आणि माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो. म्हणून या वाटेवर पहिले दहा किलोमीटर घड्याळाकडे न बघता श्वासावर धावावेत, हा अनुभवी धावपटूंचा सल्ला खरोखर मोलाचा आहे.

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील ब्लॅक हिल्स डोंगरांमधली डेडवुड मिकेल्सन ट्रेल मॅरेथॉन हे या प्रकाराचे चांगले उदाहरण. १७५ किलोमीटरच्या मिकेल्सन ट्रेलच्या उत्तर टोकाकडे ती जून महिन्यात होते. रॉचफर्डजवळून निघालेली वाट निम्म्या अंतरापर्यंत हळूहळू चढत ड्यूमाँटला सर्वोच्च बिंदू गाठते आणि तिथून डेडवुडपर्यंत उतरत जाते. पाईनची जंगले, ओढे, कुरणे असा तो मुलूख आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील प्ती ट्रँ द्यू नॉर मॅरेथॉन ऑक्टोबरमध्ये व्हाल-दाव्हिदहून सँ-जेरोमला उतरते, तेव्हा मेपलची पाने रंगलेली असतात.

बोगद्याचा अनुभव मात्र वेगळा सांगायला हवा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीने १९८० मध्ये सोडलेल्या मार्गावर स्नोक्वाल्मीचा बोगदा आहे, सुमारे ३.६ किलोमीटर लांब. त्यातून जाणाऱ्या अनेक मॅरेथॉन शर्यती होतात. भर उन्हाळ्यातही तोंडाशी थंड हवेचा झोत अंगावर येतो. आत शिरल्यावर उपग्रहाचा संकेत तुटतो आणि मनगटावरचे घड्याळ वेगाचे भलतेच आकडे दाखवू लागते. छतातून पाणी ठिबकते, हेडलॅम्पच्या उजेडात आपल्याच श्वासाची वाफ दिसते, आणि मागून येणाऱ्यांच्या दिव्यांमुळे आपली सावली पुढे लांब होऊन हलत राहते. बोगदा सरळ असल्याने दुसऱ्या टोकाचा उजेड टाचणीच्या डोक्याएवढा आधीपासूनच दिसतो, पण कितीतरी वेळ तो मोठा होत नाही. बाहेर पडताच खाली दरी पसरलेली असते. हिवाळ्यात आत बर्फाचे सुळे लटकतात म्हणून बोगदा बंद ठेवतात. साहजिकच शर्यती उन्हाळ्यात होतात. एलरॉय–स्पार्टाच्या बोगद्यांना तर रेल्वेच्या काळापासून मोठाले लाकडी दरवाजे आहेत. थंडीत दगड फुटू नये म्हणून ते लावून घेत आणि गाडी आली की पहारेकरी उघडत असे.

स्नोक्वाल्मीहून नॉर्थ बेंडकडे उतरताना सुमारे ६०० मीटर (जवळजवळ २,००० फूट) उंची कमी होते. त्यामुळे बॉस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी आधी दुसऱ्या शर्यतीत गाठावी लागणारी पात्रता वेळ गाठू पाहणाऱ्यांची तिथे रीघ लागते. २०२७ च्या बॉस्टन शर्यतीपासून मात्र १,५०० ते २,९९९ फूट निव्वळ उतार असलेल्या मार्गावरील वेळेत पाच मिनिटे, ३,००० ते ५,९९९ फुटांसाठी दहा मिनिटे मिळवूनच ती धरण्याचे ठरले आहे. जागतिक विक्रमाचे निकष त्याहून कडक आहेत: उतार सरासरी किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको, आणि आरंभ व शेवट यांतले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नको. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी रेल-ट्रेल बहुधा इथेच बाद होते. जाऊन परत येण्याचा मार्ग आखला तर ही अडचण राहत नाही. इलिनॉयमधील टनेल हिल ट्रेलवर अशाच आखणीच्या शर्यतीत अमेरिकन धावपटू कॅमिल हेरनने नोव्हेंबर २०१७ मध्ये १०० मैल १२ तास ४२ मिनिटे ४० सेकंदांत धावून त्या वेळचा महिलांचा विश्वविक्रम केला. मंद उतार दोन्ही दिशांना सोसणारा असतो हे त्यातून दिसले.

आयोजनाच्या अडचणीही रेल्वेच्याच वारशाने येतात. एकेरी रुळांचा भराव अरुंद, वाट जेमतेम तीन मीटर; म्हणून स्पर्धकांची संख्या मर्यादित ठेवून त्यांना टप्प्याटप्प्याने सोडतात. रस्ते वाटेला मोजक्याच ठिकाणी छेदतात, तेव्हा पाण्याची टेबले आणि रुग्णवाहिका तिथेच ठेवाव्या लागतात. मधल्या पट्ट्यात स्पर्धकाचे स्वतःचे पाणी आणि स्वतःचा धीर. प्रेक्षक फार थोडे. खडीचा चुरा डांबरापेक्षा मऊ असतो, पण पाऊल उचलताना किंचित सरकतो आणि बुटात कण शिरतात. ओल्या लाकडी पुलांवर घसरायला होते. तिथे पाऊल आखूड ठेवावे.

या वाटांना निसर्गाचा धोका कायम असतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मायरा कॅन्यनमध्ये जुन्या केटल व्हॅली रेल्वेचे अठरा पूल आहेत. २००३ च्या वणव्यात त्यांतले लाकडी बारा जळाले. ते पुन्हा उभारून २००८ मध्ये वाट खुली झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुराने अमेरिकेतील व्हर्जिनिया क्रीपर ट्रेलचा डमॅस्कसच्या वरचा भाग पुलांसकट वाहून नेला. धावणाऱ्यांना उरला तो ॲबिंग्डन ते डमॅस्कस हा खालचा अर्धा भाग.