शून्य दिसलं म्हणजे काटा बरोबर असतोच असं नाही

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: इलेक्ट्रॉनिक काटा एकदा कॅलिब्रेट केला आणि पडद्यावर शून्य आलं, की वजन अचूक. हे खरं नाही, आणि इथे चूक जिवावर बेतू शकते.

शून्य फक्त रिकाम्या ताटलीबद्दल सांगतं. भार पडल्यावर काटा किती चुकतो, ते ओळखीच्या वजनानेच कळतं. काडतुसात भरायची बंदुकीची दारू ग्रेन या वजनाच्या एककात मोजतात. 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. पडद्यावर 0.1 ग्रेन दिसतो म्हणून तेवढी अचूकता मिळतेच असं नाही. आतला लोड सेल, म्हणजे भार जाणणारा भाग, तापमानाने सरकतो, पंख्याची झुळूकही आकडा हलवते. त्यात बऱ्याच काट्यांत शून्य आपोआप सांभाळण्याची सोय असते. दारू कणाकणाने टाकली, तर काटा ती वाढ सरकलेलं शून्य समजून गिळू शकतो! माझ्या मते सगळ्यात घातक हेच, कारण पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

म्हणून काटा आधी चालू ठेवून तापू द्या, आणि भरायच्या वजनाच्या जवळचं प्रमाणित वजन अधूनमधून ठेवून पाहा. ते चिमट्यानेच उचला. बोटांचा तेलकटपणा त्याला चिकटतो. आकडा जुळला नाही, तर मागच्या तपासणीनंतर तोललेले दारूचे सगळे बार पुन्हा तोला.